चेकच्या ताळमेळासाठी वेगळे सॉफ्टवेअर घ्यावे की टॅलीतच भागवावे?

प्रश्न : हिशेबनीस, सांगली

नमस्कार. मी सांगलीतील एका भागीदारी पेढीचे हिशेब पाहतो. पेढीचा व्यवसाय पीव्हीसी पाइप, ठिबकचे सुटे भाग आणि पाणबुडी मोटारी यांच्या वितरणाचा आहे. तालुक्यातालुक्यांतील दुकानदारांकडून महिन्याला दीडशे ते दोनशे चेक येतात आणि आम्ही कारखानदारांना साधारण नव्वद चेक देतो. यूपीआय आणि एनईएफटीचे प्रमाण वाढले आहे हे खरे, परंतु आमच्या धंद्यात उधारीची हमी म्हणून पुढच्या तारखेचा चेक घेण्याची पद्धत अजून सुटलेली नाही, आणि ती इतक्यात सुटेल असेही वाटत नाही.

आमची तीन खाती आहेत : एका राष्ट्रीयीकृत बँकेत कॅश क्रेडिट खाते, एका खासगी बँकेत चालू खाते आणि गावातल्या सहकारी बँकेत दुसरे चालू खाते. हिशेब टॅलीमध्ये आहेत, पण बँक जुळवणी पत्रक (आमच्या पुस्तकातील शिल्लक आणि बँकेच्या उताऱ्यावरील शिल्लक यांतील फरक दाखवणारा तक्ता) मी आजही एक्सेलमध्ये करतो. खातेउतारा एका बाजूला, रोजमेळ दुसऱ्या बाजूला, आणि हिरव्या-पिवळ्या रंगांनी खुणा करत बसायचे. महिनाअखेरीचे तीन दिवस यातच जातात आणि तरीही शेवटी काही हजारांचा फरक राहतो. तो पुढच्या महिन्यात ढकलला जातो व मार्चमध्ये एकदम अंगावर येतो.

एका विक्रेत्याने नुकतेच स्वतंत्र ताळमेळ सॉफ्टवेअर दाखवले. खातेउतारा टाकला की सर्व नोंदी आपोआप जुळतात, असे त्याचे म्हणणे आहे. वर्षाला चांगलीच रक्कम मोजावी लागेल. आमच्यासारख्या मध्यम पेढीला त्याची खरोखर गरज आहे का? टॅलीत हे काम नीट होते का? आणि कोणतेही साधन घेतले तरी सुरुवात कोठून करावी?

उत्तर : कर सल्लागार, कोल्हापूर

महिन्याला अडीचशे-तीनशे चेक आणि तीन खाती एवढ्या पसाऱ्यासाठी स्वतंत्र सॉफ्टवेअर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांची पंधरा-वीस खाती आहेत, अनेक शाखा आहेत किंवा ज्यांचे हिशेब एका प्रणालीत आणि वसुली दुसऱ्या प्रणालीत चालते, त्यांना अशा साधनाचा उपयोग होतो. तुमच्याकडे जे आहे तेच आपण अजून पुरते वापरलेले नाही.

टॅलीत पावती किंवा प्रदान नोंदवताना बँकेच्या तपशिलाचा एक छोटा पडदा उघडतो. त्यात चेक क्रमांक, चेकची तारीख आणि पार्टीच्या बँकेचे नाव भरायचे असते. बहुतेक ठिकाणी घाईघाईने एंटर दाबून हा पडदा मोकळा सोडला जातो, आणि नंतर ‘सॉफ्टवेअर जुळवत नाही’ अशी तक्रार होते. ज्या नोंदीत चेक क्रमांकच नाही, ती कोणते यंत्र कशाच्या आधारे जुळवणार? तुमच्या विक्रेत्याचे महागडे साधनही तेथेच अडेल. त्याला खरेदीपूर्वी एकच सांगा : आमच्या सहकारी बँकेचा मागच्या मार्चचा उतारा घेऊन, आमच्याच नोंदींवर, आमच्यासमोर जुळवून दाखवा. स्वतःची नमुना फाइल आणू देऊ नका.

आता तुमचा महिनाअखेरीचा फरक. जुळवणी पत्रकातले फरक दोन जातींचे असतात आणि एक्सेलच्या रंगांत ते एकमेकांत मिसळतात. एक उदाहरण घेऊ. समजा, महिनाअखेर तुमच्या पुस्तकाप्रमाणे बँकेत ६,८४,२०० रुपये शिल्लक आहेत आणि खातेउताऱ्यावर ७,१५,११० रुपये दिसतात. शोध घेतल्यावर असे आढळते की तुम्ही दिलेले १,४६,५०० रुपयांचे चेक अजून वटायला आलेले नाहीत, भरलेले ९२,००० रुपयांचे चेक अजून जमा झालेले नाहीत, बँकेने ५९० रुपये आकार कापला आहे, एका दुकानदाराने न कळवता २५,००० रुपये थेट खात्यात पाठवले आहेत आणि ४८,००० रुपयांचा एक चेक परत आला आहे.

यांतील पहिले दोन फरक केवळ वेळेचे आहेत. त्यांच्यासाठी पुस्तकात काहीही लिहायचे नसते. ते आपोआप मिटतात. उरलेले तीन मात्र पुस्तकातील उणिवा आहेत. त्यांची नोंद झाली पाहिजे आणि ती झाल्यावर पुस्तकी शिल्लक ६,६०,६१० रुपये होते. तिच्यात न वटलेले १,४६,५०० मिळवून ९२,००० वजा केले की बरोबर ७,१५,११० येतात. जो हिशेबनीस हे तीन फरकही ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून पत्रकातच ठेवतो, त्याच्या पत्रकाचा ताळा लागतो खरा, पण पुस्तके चुकीचीच राहतात. तुमचे ‘काही हजार’ येथेच कोठेतरी आहेत, असा माझा अंदाज आहे. बँकेचे आकार, व्याज आणि त्यावरील जीएसटी आधी तपासा. कॅश क्रेडिट खात्यात हे हमखास सुटते.

उत्तर : संगणकवाला, पुणे

मी लहान पेढ्यांना हिशेबाच्या प्रणाली बसवून देतो. वरील मताशी मी सहमत आहे, परंतु खातेउतारा आत घेताना प्रत्यक्षात जे घडते ते सांगणे आवश्यक वाटते, कारण पहिल्याच प्रयत्नात निराश होऊन अनेक जण पुन्हा रंगीत पेन्सिलीकडे वळलेले मी पाहिले आहेत.

पहिला अडथळा एक्सेलचाच आहे. चेक क्रमांक सहा अंकी असतो आणि नव्या चेकबुकात तो बहुधा शून्यांनी सुरू होतो. ०००४१७ हा क्रमांक एक्सेल ४१७ करून टाकते. टॅलीत तुम्ही पूर्ण सहा अंक लिहिलेले असतील तर दोन्ही बाजू जुळत नाहीत आणि दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. बँकेची फाइल दोनदा टिचकी मारून थेट उघडू नका. ती आत घेताना क्रमांकाचा रकाना मजकूर म्हणून ठेवा. दुसरा अडथळा तारखेचा आहे. ०५/०४ म्हणजे पाच एप्रिल की चार मे, हे संगणकाच्या मांडणीवर ठरते, आणि बारा तारखेपर्यंतच्या नोंदी मुकाट्याने चुकीच्या महिन्यात जाऊन बसतात. तेरापासून पुढे मात्र सगळे ठीक दिसते. ही चूक सापडायला फार वेळ लागतो. तिसरे, काही उताऱ्यांत रकमेपुढे ‘सीआर’ (जमा) किंवा ‘डीआर’ (नावे, म्हणजे वजा) अशी अक्षरे चिकटलेली असतात. अशी रक्कम संगणकाच्या लेखी आकडाच नसते.

राष्ट्रीयीकृत आणि खासगी बँकेकडून एक्सेल किंवा सीएसव्ही उतारा मिळेल. चालू खात्यासाठी काही बँका एमटी ९४० या ठरावीक मांडणीतही देतात. तो मिळत असेल तर तोच घ्यावा, कारण त्यातले रकाने बँकेच्या लहरीनुसार बदलत नाहीत. टॅलीप्राइमच्या २०२५ मध्ये आलेल्या ६.० आवृत्तीत काही बँकांशी थेट जोडणीही आहे. तुमची बँक त्या यादीत आहे का, एवढे पाहून घ्या.

सहकारी बँकेचे काय, हा खरा प्रश्न आहे. अनेक छोट्या सहकारी बँका चेक वटवणुकीत दुसऱ्या मोठ्या बँकेमार्फत सहभागी होतात आणि त्यांच्या उताऱ्यावर कित्येकदा ‘क्लिअरिंग’ एवढाच शब्द आणि रक्कम असते. काही ठिकाणी एका भरणा स्लिपेवरील पाचसहा चेकची एकत्रित रक्कम एकाच ओळीत जमा झालेली दिसते. अशा उताऱ्यावर कोणतेही साधन चालणार नाही. त्यावर दोन उपाय आहेत. एक तर शाखा व्यवस्थापकांना लेखी विनंती करून चेक क्रमांकासह उतारा मागावा. प्रणालीत तो बहुधा असतो, फक्त छापला जात नाही. ते जमले नाही तर त्या बँकेत एका स्लिपेवर एकच चेक भरावा. शिपाई कुरकुर करील, परंतु तुमचे महिनाअखेरीचे काम अर्धे होईल.

आलेल्या चेकबाबत आणखी एक. दोन वेगळ्या दुकानदारांच्या चेकांचा क्रमांक एकच असू शकतो, कारण हा सहा अंकी क्रमांक देशभरात एकमेव नसतो. चेकच्या तळाशी, त्या क्रमांकाच्या शेजारी, नऊ अंकी एमआयसीआर संकेतांक असतो : पहिले तीन अंक शहराचे, पुढचे तीन बँकेचे आणि शेवटचे तीन शाखेचे. पुणे ४११, मुंबई ४००. शंका आली तर क्रमांक आणि हा संकेतांक एकत्र धरावा. मग गल्लत होण्यास फारशी जागा राहत नाही.

उत्तर : हार्डवेअर दुकान, चिपळूण

मी लेखापाल नाही, दुकानाची मालकीण आहे. तरीही लिहिते, कारण आपोआप जुळणाऱ्या सॉफ्टवेअरचा फटका मला बसलेला आहे. कोणत्या साधनाचा, हे सांगत नाही, कारण दोष त्याच्याइतकाच आमचाही होता.

आमच्या एका ठेकेदाराने ७५,००० रुपयांचे दोन चेक आठ दिवसांच्या अंतराने दिले होते. पहिला परत आला, दुसरा वटला. सॉफ्टवेअरमध्ये ‘रक्कम समान असल्यास जुळवा’ हा पर्याय चालू होता. त्याने दुसऱ्या चेकची जमा रक्कम पहिल्या चेकच्या नोंदीला लावून टाकली. पहिल्या चेकचे उताऱ्यावर आलेले जमा आणि परत आल्यावरचे नावे (वजा) हे एकमेकांना छेदतात म्हणून आमच्या मुलाने ती दोन्ही बाजूला काढली. पत्रकाचा ताळा पैशापर्यंत लागला! दुसरा चेक मात्र ‘अजून जमा व्हायचा’ या यादीत राहिला, आणि त्या यादीकडे पाहायचे असते हे कोणाच्या ध्यानातही आले नाही. बँकेचा रिटर्न मेमो, म्हणजे चेक परत आल्याची चिठ्ठी, टपालाच्या गठ्ठ्यात पडून होता. चार महिन्यांनी ठेकेदाराशी खाते पडताळताना सर्व उघड झाले, तोवर नोटिशीची मुदत टळली होती आणि चेकची वैधताही संपली होती. पैसे पुढे हप्त्याहप्त्याने मिळाले, पण ते त्याच्या चांगुलपणामुळे, आमच्या हुशारीमुळे नव्हे.

तेव्हापासून आमच्याकडे रकमेवरून आपोआप जुळवणे बंद आहे. क्रमांक आणि रक्कम दोन्ही जुळली तरच नोंद जुळते. बाकी सर्व मी स्वतः संध्याकाळी पाहते. रोज पाहिले तर ते काम दहा मिनिटांचे असते. परत आलेल्या चेकसाठी भिंतीवर वेगळे कॅलेंडर टांगले आहे, त्यावर मेमो मिळाल्याची तारीख लाल शाईने लिहिते. हसायला हरकत नाही, पण त्या कॅलेंडराने मला आजवर दगा दिलेला नाही.

उत्तर : कर सल्लागार, कोल्हापूर

ताईंचा अनुभव मोलाचा आहे. त्यांनी ज्या मुदतीचा उल्लेख केला ती नव्या वाचकांसाठी नेमकी सांगतो. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ मधील कलम १३८ नुसार चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत चेक देणाऱ्याला लेखी नोटीस पाठवावी लागते. नोटीस मिळाल्यापासून त्याला १५ दिवस असतात. तेवढ्यात पैसे न आल्यास पुढील एका महिन्यात तक्रार दाखल करावी लागते. चेकच्या वैधतेच्या काळात तो पुन्हा भरता येतो, आणि पुन्हा परत आल्यास त्या परताव्यावरून नव्याने कारवाई करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने एमएसआर लेदर्सच्या प्रकरणात मान्य केले आहे. मात्र ही वैधता १ एप्रिल २०१२ पासून सहाऐवजी तीन महिन्यांचीच आहे. म्हणजे ताळमेळ महिनाअखेरीस करणाऱ्याचे ३० दिवस कित्येकदा पत्रक करण्याआधीच संपत आलेले असतात.

दुसरी गोष्ट. ४ ऑक्टोबर २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने चेकची वटवणूक दिवसभर अखंड चालणारी केली. पूर्वी चेक गठ्ठ्याने जात आणि दुसऱ्या दिवशी निकाल लागत असे. नव्या पद्धतीच्या पहिल्या टप्प्यात ज्या दिवशी चेकची प्रतिमा पुढे गेली, त्याच दिवशी संध्याकाळी सातपर्यंत देणाऱ्याच्या बँकेने होकार वा नकार कळवायचा असतो. काहीच कळवले नाही तर होकार गृहीत धरला जातो. याचा ताळमेळाशी सरळ संबंध आहे. भरलेला चेक तीन कामकाजाच्या दिवसांत उताऱ्यावर दिसला नाही तर त्याला ‘प्रवासात आहे’ असे म्हणण्यात आता अर्थ नाही. तो शोधायला हवा. सॉफ्टवेअरमध्ये जुळवणीसाठी तारखेची सवलत ठेवता येते, ती आलेल्या चेकसाठी तीन-चार दिवस पुरे. तुम्ही दिलेल्या चेकसाठी मात्र पूर्ण तीन महिने ठेवावी लागेल, कारण समोरचा तो कधी भरेल हे तुमच्या हातात नसते.

प्रश्नकर्ता : हिशेबनीस, सांगली

सर्वांचा आभारी आहे. आज सकाळी मागच्या तिमाहीच्या पावत्या उघडून पाहिल्या. दर तीन पावत्यांमागे एका पावतीत चेक क्रमांकाची जागा रिकामी होती. काही ठिकाणी क्रमांकाऐवजी ‘चेक’ एवढेच लिहिले होते. विक्रेत्याला दिलेली वेळ मी रद्द केली आहे.

दोन शंका उरतात. आम्ही दिलेले चौदा चेक तीन महिन्यांहून जुने असून अजून वटलेले नाहीत. त्यांचे काय करावे? दुसरे, आमचे बरेच कारखानदार उद्यम नोंदणी असलेले सूक्ष्म व लघु उद्योग आहेत. आम्ही त्यांना ४५ दिवसांच्या आत चेक देतो, पण ते तो आठवड्याने भरतात. उताऱ्यावरची तारीख ४५ दिवसांच्या पुढे गेली तर ती खरेदी वजावटीतून बाद होईल का?

उत्तर : कर सल्लागार, कोल्हापूर

चौदा चेकपैकी प्रत्येकाची पार्टी विचारून घ्या. चेक हरवला असल्यास बँकेला प्रदान थांबवण्याची सूचना देऊन नवा द्यावा. पार्टीकडेच पडून असल्यास परत मागवावा. दोन्ही बाबतींत मूळ नोंद खोडू नका. मुदत संपली त्या तारखेला उलट नोंद करून रक्कम पुन्हा त्या पार्टीच्या देण्यात आणा. थेट उत्पन्नात मात्र घेऊ नका. चेक शिळा झाला म्हणून देणे संपत नाही. आणि ज्या बिलांचे प्रदान अशा रीतीने उलटले, त्यांना बिलाच्या तारखेपासून १८० दिवस होत आले असतील तर जीएसटीच्या इनपुट क्रेडिटकडेही (खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीकडेही) लक्ष ठेवा, कारण त्या मुदतीत पुरवठादाराला पैसे न गेल्यास घेतलेले क्रेडिट व्याजासह परत करावे लागते.

दुसऱ्या शंकेचे उत्तर आपल्याच भागातून आलेले आहे. कराडजवळच्या ओगलेवाडीचा ओगले काच कारखाना आणि त्याचे प्रभाकर कंदील जुन्या मंडळींना आठवत असतील. कारखाना तेव्हा औंध संस्थानात होता आणि भारत सरकारला पुरवलेल्या मालाचे पैसे चेकने टपालाद्वारे येत. ही रक्कम ब्रिटिश हिंदुस्थानात मिळाली की संस्थानात, यावर प्राप्तिकराचा वाद उभा राहिला आणि १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा निकाल दिला. त्यात असे म्हटले आहे की चेक स्वीकारला गेला आणि पुढे तो वटला, तर प्रदान चेक मिळाला त्या दिवशीच झाले असे धरले जाते. त्या आधारे १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ४३ब (एच) खालीही (सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे मुदतीत न दिल्यास त्या खरेदीची वजावट रोखणारे कलम), चेक दिल्याची तारीख मुदतीत असून तो वटला असल्यास, प्रदान मुदतीत झाले असे मांडता येते. परंतु पुढच्या तारखेच्या चेकला हा आधार मिळणार नाही, आणि लेखी करार नसल्यास मुदत ४५ नव्हे तर १५ दिवसांचीच असते. म्हणून चेक हाती दिल्याची पोच घ्या आणि तिची तारीख नोंदीच्या तपशिलात लिहा. टॅलीत व्हाउचरची तारीख, चेकची तारीख आणि बँकेची तारीख अशा तीन वेगळ्या तारखा ठेवता येतात. ती सोय वापरा.

उत्तर : संगणकवाला, पुणे

एक राहिले. चेक दिल्याची नोंद त्याच दिवशी पूर्ण केली की तीच यादी पॉझिटिव्ह पेसाठीही (मोठ्या चेकचा तपशील बँकेला आधी कळवण्याच्या सोयीसाठीही) उपयोगी पडते. १ जानेवारी २०२१ पासून ५०,००० रुपये आणि त्याहून मोठ्या चेकसाठी बँकांनी ही सोय दिलेली आहे आणि पाच लाखांपासून पुढे ती सक्तीची करण्याची मुभा बँकांना आहे. क्रमांक, तारीख, रक्कम आणि ज्याच्या नावे चेक आहे त्याचे नाव आधी बँकेला कळवायचे असते. कारखानदारांना मोठे चेक देता, तेव्हा ही यादी नाहीतर दोनदा लिहावी लागेल.

प्रश्नकर्ता : हिशेबनीस, सांगली

ठरले. १ तारखेपासून चेक क्रमांक भरल्याशिवाय पावती जतन करायची नाही, असे दोन्ही मुलांना सांगितले आहे. सहकारी बँकेला उताऱ्याबाबत पत्र आज दिले. व्यवस्थापक म्हणाले, ‘क्रमांक आमच्याकडे दिसतो, आजवर कोणी मागितला नव्हता.’ चौदांपैकी नऊ पार्ट्यांशी बोलणे झाले. त्यांतील तिघांकडे आमचा चेक बिलाला टाचलेलाच सापडला.